फेरीचं शेवटचं घर

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज मुकुलला माती दिली. सव्वीस वर्षांचा पोरगा. दसऱ्याच्या सुमारास ताप आला, डेंग्यू निघाला, आणि आम्ही रक्त द्यायला कोण कोण जाणार हे ठरवतोय तोवर सगळं आटोपलं.

बनारसच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी घरं दोनच. एक माझं, म्हणजे माझी बायको लतिका गेल्यापासून मी एकटाच. दुसरं प्रभावतीबाई कदम आणि त्यांच्या मुकुलचं, म्हणजे आजपासून त्याही एकट्याच. बाकी सगळी हिंदी माणसं, जीव लावणारी, पण आपलं बोलणं त्यांच्याशी होत नाही.

कब्रस्तानात गायन मीच घेतलं. गायकवृंद माझ्याकडे आहे, त्यामुळे दुःखाच्या वेळी मला करायला काहीतरी असतं, ही एक सोय. ढोलक अर्थातच नव्हता. ढोलक मुकुलच वाजवायचा. सुशांत गिटार घेऊन आला होता, पण दोनदा तालाला चुकला. मी डोळे वटारले. नंतर वाईट वाटलं.

प्रभावतीबाई रडल्या नाहीत. येईल त्याचा हात हातात घेऊन "जय मसीह की" म्हणत होत्या. मला मात्र "सलाम, दादा" म्हणाल्या, नगरकडे आपली ख्रिस्ती माणसं म्हणतात तसं. मी उलट सलामही म्हणालो नाही. "काळजी घ्या" म्हणालो आणि छत्री शोधायला निघून गेलो. पाऊस नव्हताच.

२७ ऑक्टोबर, रविवार

प्रभावतीबाई उपासनेला आल्या होत्या. त्या येण्याआधीच मी गायकवृंदाला बजावून ठेवलं होतं, की त्यांच्यासमोर मुकुलचा विषय नको. खपली कशाला काढायची? पोरांनी ऐकलं. सुशांत एकदा चुकून बोलणार होता, "मुकुल होता तो ये वाला गाना..." पण मी जोरात खोकलो. तो गप्प झाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी चहा एकट्याने प्यालो. दोन कप काढायची सवय अजून जात नाही. मंडळीतल्या लोकांचं मला नवल वाटतं. लतिका इतकी वर्षं त्यांच्यासोबत ऑल्टोच्या सुरात गायली, त्यांच्या मुलींना शिवण शिकवलं, आणि ती गेल्यापासून एकाच्या तोंडून तिचं नाव निघेल तर शपथ. मी आलो की क्रिकेट निघतं. जणू मी कायमचा सडाफटिंग होतो आणि आमच्या दारावरचे ते भरतकामाचे पडदे मीच शिवले. एवढी कशी माणसं विसरतात?

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल देवदिवाळी, गर्दीत पाऊल ठेवायची सोय नव्हती. म्हणून आज सकाळी भोसले घाटावर ढुंढिराज शास्त्रींकडे गेलो. पायऱ्यांवर अजून पणत्यांचं तेल होतं, घसरता घसरता वाचलो. शास्त्रीबुवा म्हणाले, "सांभाळ रे, ख्रिस्ती माणूस काशीत मेला तर चित्रगुप्ताची पंचाईत व्हायची." तीस वर्षं हाच विनोद करतात, आणि मी तीस वर्षं हसतो. त्यांचं घराणं सात पिढ्यांपूर्वी इकडे आलं, मी रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागून आलो. मराठी बोलायला मिळतं, म्हणून दोघं एकमेकांना सहन करतो.

चहाबरोबर चिवडा होता. म्हणाले, "लतिकावहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, शेंगदाणे कच्चे राहिलेत. तोंडावर सांगायची बाई! एकदा आमच्या हिला सांगितलं होतं, तुमची पुरणपोळी म्हणजे पराठाच." आणि स्वतःच खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं आणि तरी बोलतच राहिले. उठलो तेव्हा फार हलकं वाटत होतं. गंगेची हवा असावी.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या कदमबाईंकडे गेला होतास का?"

"जाऊन काय करू? मला पाहिलं की त्यांना मुलाची आठवण होणार."

"म्हणजे एरवी विसरल्या आहेत वाटतं?"

शास्त्रीबुवांना वाद घालायची सवयच आहे.

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळ सुरू झाला. आजपासून नाताळच्या गाण्यांचा सराव.

उपासनेनंतर प्रभावतीबाईंनी मला दाराशी गाठलं. "दादा, यंदा फेरी कधी आहे?"

नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही घरोघरी जाऊन गातो, तीच ही फेरी. फेरीचं शेवटचं घर कायम प्रभावतीबाईंचं. तिथे चहा, करंज्या, आणि तिथेच ते एक मराठी गाणं, लतिकाने रचलेलं पाळणागीत. "गव्हाणीत बाळ निजे, त्याला वारा लागू नये." हिंदी मुलांनी ते देवनागरी पाहून पाठ केलंय. त्यांच्या तोंडी "नये"चं "नए" होतं, पण लतिका म्हणायची, असू दे, बाळाला चालतं. मुकुल त्यावर असा ठेका धरायचा की पाळणा डोळ्यांसमोर हलायचा. प्रभावतीबाई झांजा घ्यायच्या. बाईंना तालाचं अंग अजिबात नाही. मुकुल हसत त्यांच्या हातून झांजा काढून घ्यायचा, "मम्मी, तू राहू दे, तू सिर्फ करंज्या वाढ!"

मी म्हणालो, "फेरी एकवीसला आहे. पण तुम्ही काळजी करू नका, यंदा तुम्हाला त्रास देणार नाही."

"त्रास कसला?"

"नाही, नाही. मी बघतो सगळं."

त्या तशाच पायऱ्या उतरून गेल्या. सुटल्यासारखं वाटलं असावं त्यांना.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, नंतर विचारलंच, "साळवे जी, प्रभावती बहन के यहाँ नहीं जाएँगे?" मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्या मराठी लोकांत दुखवट्याच्या घरी पहिल्या वर्षी सण करत नाहीत. घरात तळण होत नाही, गाणं-बजावणं नाही. ते म्हणाले, "अच्छा, आप लोगों में ऐसा है। आप बेहतर जानते हैं।" अशा वेळी वाटतं, बरं झालं मंडळीत निदान एक माणूस आहे ज्याला बाईंचं मन कळतं. यंदा शेवटचं घर सुशांतचं.

१४ डिसेंबर, शनिवार

लहुराबीरच्या बाजारात प्रभावतीबाई दिसल्या. पिशवी जड होती, मी उचलून ई-रिक्षात ठेवली. रवा, खवा, सुकं खोबरं, सगळं वरवरच दिसत होतं. श्रीरामपूरहून भाऊ-भावजय येणार असतील. बरं आहे, माणसांत राहतील.

म्हणाल्या, "दादा, मुकुलच्या ढोलकला नवं कातडं चढवून आणलं. थंडीत आवाज बसतो, मुकुल नेहमी याच दिवसांत करून आणायचा."

मी म्हणालो, "विकायचा असेल तर सुशांतला विचारतो. चांगल्या हातात जाईल."

रिक्षावाला घाई करत होता. "बघू," म्हणाल्या आणि गेल्या. पुष्कळ खंगल्या आहेत. स्वेटर मुकुलचा होता, बाह्या दुमडलेल्या. मी तो विषय काढला नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

फेरी झाली. गाणी चांगली झाली. धुकं लवकर उतरलं म्हणून दिवेलागणीलाच निघालो.

सुशांतच्या घराकडे जायचा रस्ता प्रभावतीबाईंच्या गल्लीतूनच जातो, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. मुलं गात गात चालली होती. गल्लीच्या तोंडाशी मी हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं. "यहाँ से चुपचाप निकलो, आंटी को तकलीफ़ होगी।" सगळे पावलं न वाजवता चालले. एवढी मुलं, पण एक जण खोकला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

दाराशी नाताळचा तारा लावलेला होता, लाल कागदाचा, आत दिवा पेटलेला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी लावला असणार. दार जरा किलकिलं होतं. थंडीत असं उघडं ठेवू नये, निमोनिया व्हायचा. सांगायला हवं एकदा.

सुशांतकडे समोसे होते. मिठाईचा एक डबा बाईंच्या दाराशी ठेवून यायला त्याला पाठवलं, बेल वाजवू नकोस म्हटलं. पाळणागीत घेतलंच नाही. कोणी आठवणही काढली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

प्रभावतीबाई आल्या नाहीत. रक्तदाब वाढलाय असा निरोप.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. बाई आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या, आशीर्वादाच्या आधीच निघून गेल्या. मी हात उंचावला होता. बहुधा दिसला नसेल.

घरी शास्त्रीबुवांचा फोन. "आज वहिनींच्या करंज्यांची फार आठवण झाली." बरं वाटलं.

२८ डिसेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सरावानंतर सुशांत थांबला. बूट काढ-घाल करत होता. म्हणाला, "अंकल, एक बात कहूँ, बुरा मत मानिएगा। प्रभावती आंटी ने बाईस तारीख़ को सारी गुझिया कॉलोनी के गार्ड लोगों में बाँट दीं। पूरा पीपा भर के। मेरी मम्मी ने पूछा तो बोलीं, बच्चों के लिए बनाई थी, कोई आया नहीं।"

मी विचारलं, "पूरा पीपा?" जणू करंज्यांच्या आकड्यावरच सगळं अडलं होतं.

"और वो स्टार भी आंटी ने ही लगाया था। मैं डब्बा रखने गया तो अंदर कुर्सियाँ लगी थीं, अंकल। सबके लिए। मैंने उसी दिन बताना चाहा, लेकिन आप बहुत ख़ुश थे।"

खवा. रवा. ढोलक. किलकिलं दार. मी सगळं पाहिलं होतं. सगळं लिहिलंसुद्धा आहे, मागची पानं उलटली तर माझ्याच अक्षरात आहे. देवा, मी इतका कसा मठ्ठ?

२९ डिसेंबर, रविवार

उपासना संपल्यावर तडक त्यांच्याकडे गेलो. आज त्या चर्चला आल्याच नव्हत्या. दारावर तारा तसाच, दिवा बंद. आत एका कोपऱ्यात ढोलक, त्यावर शाल पांघरलेली. भिंतीशी बॅग भरून ठेवलेली. चार तारखेला भाऊ न्यायला येणार आहे. बनारस सोडून कायमच्या श्रीरामपूरला.

मी म्हणालो, "त्या शनिवारी आम्ही..."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "खिडकीतच उभी होते. गल्लीच्या तोंडाशी गाणं थांबलं. मला वाटलं, पोरं दम घेताहेत. मी जाऊन चहाचं आधण ठेवलं. मग पावलं ऐकली. दारावरून पुढे गेली."

"मला वाटलं, दुखवट्याचं घर. आपल्याकडे पहिल्या वर्षी सण नसतो."

"नसतोच. घरात तळण चढत नाही. म्हणून तर लोक आपल्या घरून तळून आणतात ना, दादा? येऊन बसतात, दोन घास खायला लावतात. पहिला सण कोणी एकट्याने काढू देत नाही. तुम्हाला अर्धीच रीत कशी आठवली?"

मला आठवलं. माझे वडील गेले त्या नाताळला आमच्या घरी चूल पेटली नव्हती, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आईच्या मांडीवर कोणी ना कोणी डबा ठेवत होतं.

"इथल्या लोकांना आपली रीत कुठली माहीत," त्या म्हणाल्या, "म्हणून मीच तळल्या. म्हटलं, मोडली तर मोडली. पोरं रिकाम्या तोंडी कशी जातील? मुकुलला चाललं नसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याचं नाव कोणी घेत नाही हो. मी चर्चमध्ये शिरले की सगळे गप्प होतात. कधी कधी रात्री वाटतं, मुलगा होता हे मीच मनाने रचलं की काय."

"मीच सांगितलं होतं त्यांना," मी म्हणालो. "तुमच्यासमोर बोलू नका म्हणून. तुम्हाला दुखेल म्हणून."

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी काय बोललो ते मलाच कळलं नाही. म्हणालो, "लतिकाचंही नाव कोणी घेत नाही." आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा रडलो.

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, "मी आले होते तिचं नाव घ्यायला. ती गेल्यानंतरच्या ईस्टरला, आठवतं? तिच्या पाळणागीताबद्दल बोलणार होते. तुम्ही मला विचारलंत, दूधवाला कोण लावलाय. मग मीही म्हटलं, नको, त्यांना त्रास होत असेल."

मी म्हणालो, जाऊ नका. मंडळीने तुम्हाला टाकलं नाही, चूक एकट्या माझी आहे. त्या म्हणाल्या, "तिकीट झालंय, दादा. इथे राहून काय करू, दार उघडं ठेवून बसू?"

मी तसाच घरी आलो. त्या इथून असंच समजून जाणार की त्यांच्या मुलाला आम्ही पुरलं आणि विसरलो.

२ जानेवारी, गुरुवार

काल नव्या वर्षाच्या उपासनेत उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी रीत चुकीची सांगितली, दोष माझा. मान वर करवत नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, "साळवे जी, हमने भी तो दोबारा नहीं पूछा।" नंतर एकेक जण जवळ आला. कोणी म्हणालं, दार वाजवून परत फिरलो होतो. कोणी म्हणालं, फोन हातात घेऊन ठेवून दिला. आम्ही सगळेच त्यांच्या दारावरून पाय न वाजवता गेलो होतो.

आज करंज्या केल्या. लतिकाचं कातणं सापडलं, अक्कल सापडली नाही. निम्म्या तेलात फुटल्या. शास्त्रीबुवांना फोन केला, त्यांच्या घरातून ओरडून सूचना आल्या, "झाकून ठेवा हो पीठ!" उरलेल्या निम्म्या काळपट आहेत, पण करंजीच्या आकाराच्या आहेत.

३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी सगळे गेलो. यंदाच्या फेरीचं शेवटचं घर, उशिरा का होईना. गल्लीच्या तोंडापासून मोठ्याने गात गेलो. वरचे भाडेकरू गॅलरीत आले. नाताळ संपून आठवडा झालाय, हे वेडे झालेत की काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बाई दारात आल्या. मग बाजूला झाल्या. प्रत्येकाने आपल्या घरून काहीतरी तळून आणलं होतं. कोणी नमकपारे, कोणी निमकी, पाळकीणबाईंनी पुऱ्या. टेबलावर जागा उरली नाही, तेव्हा डबे त्यांच्या मांडीवर ठेवले. माझी करंजी त्यांनी मोडून तोंडात टाकली. म्हणाल्या, "लतिकाने हाकलून दिलं असतं तुम्हाला स्वयंपाकघरातून." किती दिवसांनी तिचं नाव, सगळ्यांसमोर!

मग सुशांतने सुरुवात केली. म्हणाला, मुकुल एकदा उपदेश चालू असताना झोपला होता आणि झोपेतच बाकावर ठेका धरला होता. पाळकसाहेब म्हणाले, "और मुझे लगा, मेरा प्रवचन जम रहा है।" सगळे हसले. बाई हसल्या, आणि हसता हसता पदरात तोंड घालून ज्या रडायला लागल्या, त्या कब्रस्तानात राहिलेलं सगळं आज रडल्या. पाळकीणबाई शेजारी बसून होत्या. "चुप हो जाइए" असं कोणी म्हणालं नाही. मुकुलचं नाव घरभर झालं. मुकुलने हे केलं, मुकुल तिथे पडला, मुकुलने माझी सायकल नेली ती आणलीच नाही.

शेवटी पाळणागीत. ढोलकला कोणी हात लावेना. सुशांतने माझ्याकडे पाहिलं, मी मानेने नको म्हटलं. तेवढ्यात बाईंनीच शाल काढली, ढोलक मांडीत घेतला आणि नव्या कातड्यावर हात ठेवला.

आम्ही सुरू केलं. त्यांची थाप उशिरा पडली. मग एक लवकर. मग दोन एकदम. मुलं गोंधळली, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तालाला चुकलेल्याला मी आजवर सोडलेलं नाही, पोरं मला मागून "मीटर अंकल" म्हणतात, मला ठाऊक आहे. मी हात खाली घेतला. मग बाईंच्या हाताकडे बघत तो पुन्हा उचलला. त्यांची थाप पडली की माझा हात पडायचा. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो, त्यांचा श्वास परत येईपर्यंत स्वर धरून ठेवायचो. एवढंसं गाणं, किती वेळ चाललं कोण जाणे. "नये"चं "नए"च झालं.

संपल्यावर त्यांनी ढोलक पुन्हा शालीत गुंडाळला. म्हणाल्या, "हा मी घेऊन जाणार, दादा. विकायचा नाहीये."

"नाहीच विकायचा," मी म्हणालो.

५ जानेवारी, रविवार

काल त्या गेल्या. मंडळीतले पुष्कळ जण स्टेशनवर आले होते. गाडी हलताना "सलाम, दादा" म्हणाल्या. या खेपेला मला बोलता आलं. "सलाम, मुकुलच्या आई," म्हणालो.

मला वाटत होतं, शुक्रवारी आम्ही गेलो म्हणजे त्या राहतील. मनातून अगदी खात्री होती. पण राहण्यासारखं त्यांना काही हवं होतं ते एकवीस तारखेला, दार किलकिलं होतं तेव्हा. नंतर आम्ही गेलो ते निरोप द्यायला. हे मला आज शेवटचा बाक रिकामा पाहिल्यावर कळलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेत मुकुलचं नाव घेतलं, मग माझ्याकडे पाहून लतिकाचं. क्रिकेटचा विषय कोणी काढला नाही. सुशांतची आई म्हणाली, त्यांच्या घरात अजून लतिकाने शिवलेल्या उशा आहेत, एकदा येऊन बघा. येतो म्हणालो. जाईन.

संध्याकाळी चहाचे दोन कप काढले. एक परत ठेवला नाही, भरून समोर ठेवला. लतिकाचं पाळणागीत एकट्याने म्हणून पाहिलं. टेबलावर बोटं पडत होती ती एक उशिरा, एक लवकर, मग दोन एकदम. मी ती दुरुस्त केली नाहीत.